शंभरचा शेअर वीस रुपयांवर कसा दिसतो? बाबांच्या स्टेट बँक शेअरचे जुने भाव शोधताना

बाबांनी १९९३ च्या डिसेंबरात स्टेट बँकेच्या पब्लिक इश्यूमधे अर्ज भरला होता. शेअर १०० रुपयांना होता, म्हणजे दर्शनी किंमत (शेअरवर छापलेली) १० आणि वर ९० प्रीमियम, आणि त्यांना ५० शेअर लागले. ते अलॉटमेंटचं पत्र अजून फाइलीत आहे, घड्या पडून पडून मधे फाटायला आलंय पण आकडे नीट वाचता येतात. २०२४ च्या सप्टेंबरात त्यांनी त्यातले थोडे शेअर विकले आणि पुढच्या वर्षी रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा हिशोब माझ्याकडे आला, कारण घरात हे काम मीच करते.

मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे, जुना भाव काढायचा, विक्रीतून वजा करायचा, झालं. म्हणून मी लॅपटॉपवर स्टेट बँकेच्या शेअरचा सगळ्यात जुन्यापासूनचा चार्ट उघडला. त्या साइटवर आकडे १९९६ पासून होते आणि चार्टच्या डाव्या टोकाला भाव दिसत होता वीस रुपयांच्या आसपास. बाबा शेजारीच बसले होते, ते एकदम गप्प झाले आणि मग म्हणाले, "अगं, मी शंभर रुपये मोजलेत. दोन-अडीच वर्षात वीसवर आला होता? म्हणजे मी इतका तोट्यात होतो आणि मला कळलंच नाही?"

त्यांचा चेहरा बघून मला खरंच कसंतरी झालं, कारण तीस वर्षं ते ज्या खरेदीबद्दल समाधानाने बोलत आले ती चूक होती की काय असं त्या एका आकड्याने त्यांना वाटायला लावलं. आणि खरी गोष्ट बरोबर उलटी होती! तेव्हा त्यांचा शंभरचा शेअर दोनशेच्या आसपास होता. पण हे कळायला मला दोन दिवस लागले, आणि जुने भाव कसे वाचायचे हे मी खरं तर त्याच दोन दिवसात शिकले.

तर झालं असं होतं की २०१४ च्या नोव्हेंबरात स्टेट बँकेने शेअरचं स्प्लिट केलं, १० रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे १ रुपयाचे दहा शेअर झाले, रेकॉर्ड डेट, म्हणजे ज्या दिवशी नावावर शेअर असतील त्यांना हे लागू ती तारीख, होती २१ नोव्हेंबर. त्या आठवड्यात बाजारात शेअरचा भाव तीन हजारांच्या आसपासवरून एका दिवसात तीनशेच्या आसपास आला. कुणाचं काही नुकसान झालं नाही कारण प्रत्येकाच्या खात्यात शेअर दहापट झाले. पण चार्ट बनवणाऱ्याने हे तसंच ठेवलं तर मधेच एक कडा कोसळल्यासारखी दिसेल, म्हणून तो त्या तारखेच्या आधीचे सगळे भाव दहाने भागून टाकतो. म्हणजे १९९६ मधले दोनशे रुपये चार्टवर वीस दिसतात आणि बाबांचे शंभर रुपये त्याच मापाने दहा होतात. दहाचे वीस झाले होते, शंभरचे वीस नाही.

मी हे कागदावर लिहून बाबांना दाखवलं, डाव्या बाजूला तेव्हाचा भाव, उजव्या बाजूला आजच्या शेअरमधे तो किती. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मग असं लिहायला काय झालं यांना?" आणि मला तो प्रश्न अगदी योग्य वाटला. जुना भाव सांगताना तो कुठल्या शेअरचा भाव आहे, दहाच्या की एकाच्या, हे शेजारी लिहिलेलंच असलं पाहिजे, नाहीतर ज्या माणसाने खरोखर पैसे मोजले त्यालाच आपला आकडा ओळखू येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एनएसई आणि बीएसई या दोन शेअर बाजारांच्या साइटवर गेले, कारण मला त्या त्या दिवशी प्रत्यक्ष जो भाव होता तो हवा होता. दोन्हीकडे जुन्या भावांचा विभाग आहे, तारखा टाकायच्या आणि फाइल उतरवून घ्यायची. स्टेट बँकेचं एनएसईवरचं चिन्ह एसबीआयएन आणि बीएसईवरचा कोड ५००११२. एनएसईवर शेअरचे व्यवहारच १९९४ च्या नोव्हेंबरात सुरू झाले त्यामुळे त्याआधीचं काही शोधत असाल तर तिथे वेळ घालवू नका, बीएसईकडे जा. या फाइलींमधे भाव जसा झाला तसाच असतो, स्प्लिटसाठी मागचे आकडे बदललेले नसतात, त्यामुळे २०१४ च्या नोव्हेंबरातली ती कडा तिथे स्पष्ट दिसते. पहिल्यांदा बघितली तेव्हा दचकले, पण मग तीच मला सगळ्यात प्रामाणिक वाटली.

त्या फाइलीत रकाने बरेच असतात. ओपन, हाय, लो आणि क्लोज, म्हणजे दिवसाचा सुरुवातीचा, सर्वात जास्त, सर्वात कमी आणि बंद भाव, हे तर कळतात, पण एनएसईवर 'क्लोज' आणि 'लास्ट' असे दोन वेगळे रकाने बघून मी अडकले, दोन्ही शेवटचेच की! नंतर कळलं की लास्ट म्हणजे दिवसाचा खरोखर शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो, आणि या जुन्या आकड्यांमधला क्लोज म्हणजे तीन ते साडेतीन या शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची वजनी सरासरी. म्हणून दोन्हीत काही पैशांचा, कधी एखाद-दोन रुपयांचा फरक असतो. शेवटच्या मिनिटाला कुणी एखादा मोठा सौदा वेड्यावाकड्या भावाला केला तर त्याने दिवसाचा बंद भाव हलू नये यासाठी ही सरासरी, आणि मला ते पटलं.

आता मुख्य भाग, कराचा. इथे मी खरी चूक केली होती आणि ती पकडली गेली हे माझं नशीब, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०१८ च्या अर्थसंकल्पात शेअरच्या दीर्घकालीन नफ्यावर पुन्हा कर आला, पण सरकारने ३१ जानेवारी २०१८ पर्यंत झालेली वाढ सोडून दिली. म्हणजे त्याआधी घेतलेला शेअर असेल तर खरेदी किंमत म्हणून नुसती तुम्ही मोजलेली किंमत धरायची नाही. आधी दोन आकडे घ्यायचे, ३१ जानेवारी २०१८ चा बाजारभाव आणि तुमचा विक्रीचा भाव, त्यातला कमी तो ठेवायचा, मग तो आणि तुमची मूळ खरेदी यातला जास्त तो खरेदी किंमत. वाचताना डोकं गरगरतं पण एकदा आकडे घालून केलं की बसतं. बाबांचा शेअर आजच्या मापाने १० रुपयांचा, ३१ जानेवारीचा भाव तीनशेच्या वर, विक्री त्याहून बरीच वर, म्हणून त्यांची खरेदी किंमत झाली ३१ जानेवारीचा भाव.

आणि तो भाव मी कुठून घेतला? पहिल्या दिवशी उतरवलेल्या त्या चार्टवाल्या साइटच्या फाइलीतून, कारण ती हाताशी उघडीच होती. तिच्यात शेवटचा रकाना होता 'ॲडजस्टेड क्लोज'. मला वाटलं ॲडजस्टेड म्हणजे सगळं नीट जुळवून दिलेला, म्हणजे हाच जास्त बरोबर असणार. तोच टाकला.

आमच्या ओळखीच्या एक सीए बाई आहेत त्यांना मी भरायच्या आधी एकदा नजर टाकायला सांगितलं, त्यांनी तो आकडा बघितला आणि लगेच विचारलं, "हा एवढा कमी कसा?" मग त्यांनी दोन चुका दाखवल्या. एक म्हणजे कायद्यात त्या दिवसाचा बाजारभाव म्हणजे त्या दिवशी एक्स्चेंजवर लागलेला सर्वात जास्त भाव, म्हणजे हायचा रकाना, क्लोजचा नाही. त्या दिवशी एखाद्या शेअरमधे व्यवहारच झाले नसतील तर त्याआधी ज्या दिवशी झाले त्या दिवसाचा. दुसरी चूक जास्त खोल होती. ॲडजस्टेड क्लोजमधून फक्त स्प्लिट नाही, तर डिव्हिडंडही, म्हणजे कंपनीने शेअरमागे वाटलेला लाभांश, वजा केलेला असतो.

हे मला आधी अजिबात कळेना, डिव्हिडंड तर बँकेत जमा झाला, त्याने २०१८ चा भाव कमी कसा होईल. त्याचं असं आहे की शेअर ज्या दिवशी एक्स-डिव्हिडंड होतो, म्हणजे त्या दिवसापासून विकत घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही, त्या दिवशी भाव साधारण तेवढा खाली येतो. समजा भाव ८०० आहे आणि डिव्हिडंड १५.९० रुपये, तर तेवढी म्हणजे जवळपास दोन टक्के घसरण ही खरी घसरण नाही, ते पैसे तुमच्या खात्यात आलेत. तर डिव्हिडंडसकट एकूण परतावा किती हे बघायचं असेल तर आधीचे सगळे भाव दोन टक्क्यांनी खाली आणतात. प्रत्येक डिव्हिडंडला हेच, मागचे सगळे आकडे पुन्हा एकदा थोडे खाली. स्टेट बँकेने २०१७-१८ आणि २०१८-१९ साठी डिव्हिडंड दिला नाही, २०१९-२० साठी रिझर्व्ह बँकेनेच सगळ्या बँकांना कोविडमुळे मनाई केली होती, आणि मग २०२०-२१ चा ४ रुपये, पुढे ७.१०, ११.३०, १३.७० आणि २०२४-२५ चा १५.९०. या पाच डिव्हिडंडांनी मिळून ३१ जानेवारी २०१८ चा आकडा त्या रकान्यात मूळ भावापेक्षा सुमारे पंचवीस रुपयांनी खाली आलेला होता.

म्हणजे तो आकडा दरवर्षी बदलतो! पुढच्या वर्षी नवा डिव्हिडंड आला की २०१८ चा ॲडजस्टेड भाव आणखी थोडा खाली जाणार. पण ३१ जानेवारी २०१८ ला बाजारात शेअरला जो उच्चांकी भाव मिळाला तो मिळाला, तो आता कधीच बदलणार नाही. सीए बाईंनी हे सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात दोन्ही प्रकारचे भाव कायमचे वेगळे झाले, एक म्हणजे झालेली गोष्ट आणि दुसरा म्हणजे आजच्या दिवशी उभं राहून मागे बघून केलेला हिशोब. दोन्ही उपयोगी आहेत, पण रिटर्नमधे फक्त झालेली गोष्ट चालते.

पैशात याचा फरक किती पडतो हे बघायला गोल आकडे घेऊन करून बघा. ३०० शेअर ७९० ला विकले, म्हणजे २,३७,००० रुपये. २३ जुलै २०२४ नंतरची विक्री असल्यामुळे दर साडेबारा टक्के आणि वर्षाचा पहिला सव्वा लाखाचा नफा माफ. खरेदी किंमत मूळची १० धरली तर नफा २,३४,००० आणि कर १३,६२५. ॲडजस्टेड भाव २९० धरला तर नफा दीड लाख आणि कर ३,१२५. उच्चांक ३१५ धरला तर नफा १,४२,५०० आणि कर २,१८७ रुपये. वर सेस असतो तो वेगळा. (३१५ आणि २९० मी हिशोब सोपा व्हावा म्हणून धरलेत, तुमचा आकडा एक्स्चेंजच्या फाइलीतूनच काढा.) चुकीच्या रकान्याने जवळपास हजाराचा फरक पडतो, आणि मूळ खरेदीच धरली तर साडेतेरा हजार आणि दोन हजार एवढा, निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या माणसासाठी हा लहान फरक नाही.

अजून एक गोष्ट मला त्या दिवशी लक्षात आली. २४ ऑक्टोबर २०१७ ला सरकारने सरकारी बँकांना २ लाख ११ हजार कोटींचं भांडवल देण्याची घोषणा केली आणि दुसऱ्या दिवशी स्टेट बँकेचा शेअर एका दिवसात सुमारे २७ टक्के वर गेला. म्हणजे ३१ जानेवारीच्या भावात ती उडी धरलेली आहे. कराची ती तारीख चार महिने आधीची असती तर बाबांसारख्या लाखो लोकांची खरेदी किंमत बरीच कमी निघाली असती. एका तारखेच्या भावात काय काय मिसळलेलं असतं हे बघायला मला खूप आवडलं, पण ते जाऊ दे.

मग राइट्सचा प्रश्न आला, म्हणजे जुन्या शेअरधारकांना ठरलेल्या भावाने नवे शेअर घ्यायचा हक्क देतात त्याचा. फाइलीत दुसरं एक पत्र सापडलं, २००८ चं. स्टेट बँकेने तेव्हा पाचास एक या प्रमाणात राइट्स दिले होते, भाव १,५९० रुपये. बाबांचे ५० शेअर होते म्हणून त्यांना १० मिळाले आणि त्यांनी १५,९०० रुपये भरले. मी विचारलं तेव्हा म्हणाले की बाजारात तेव्हा शेअर त्याहून बराच महाग होता म्हणून घेतले, आणि वर्षभरात भाव हजाराच्या खाली गेला, ते दिवस त्यांना अजून आठवतात. २००९ च्या मार्चचे आकडे मी काढून बघितले, खरंच हजाराच्या खाली होता.

राइट्समुळे जुने भाव वाचण्यात आणखी एक गाठ येते. समजा राइट्सच्या आधी भाव २,२०० आहे. पाच शेअरवाल्याकडे ११,००० चा माल आणि तो १,५९० देऊन सहावा घेतो, एकूण १२,५९०, भागिले सहा, म्हणजे २,०९८. तर राइट्सनंतर भाव २,२०० वरून २,१०० ला आला तर तो पडलाच नाही, नवा शेअर स्वस्तात दिल्यामुळे सगळ्यांचा थोडा पातळ झाला इतकंच. काही चार्टवाले याच्यासाठीही मागचे सगळे भाव चार-पाच टक्क्यांनी खाली आणतात, काही आणत नाहीत. त्यामुळे २००८ च्या आधीची एकच तारीख दोन साइटवर बघितली आणि आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका, दोघांपैकी कुणीतरी राइट्स धरलेत आणि कुणी नाही एवढंच बहुतेक वेळा असतं. मी मात्र या फरकात एक आख्खी संध्याकाळ घालवली.

आता बाबांच्या शेअरचा पूर्ण हिशोब असा. ५० चे स्प्लिटनंतर ५०० झाले, प्रत्येकी १० रुपये खरेदी. राइट्सच्या १० चे १०० झाले, प्रत्येकी १५९. एकूण ६०० शेअर आणि खिशातून गेले २०,९००. डीमॅटमधे जे आधी आलेत ते आधी विकले गेले असं धरतात, आणि कागदी शेअर त्यांनी राइट्सच्या बरंच आधी डीमॅट केले होते त्यामुळे विकलेले ३०० हे १९९३ चेच. मी १० की १५९ याच्यावर इतका वेळ घालवला आणि शेवटी करात फरक काहीच पडला नाही, कारण दोन्ही ३१ जानेवारीच्या भावाच्या खालीच होते. पण कुठले विकले आणि कुठले उरले याची नोंद हवीच.

एक बारीक खूण सांगते जी मला कुणी आधी सांगितली असती तर पहिला दिवस वाचला असता. दर्शनी किंमत बदलली की शेअरचा आयसिन नंबर, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, बदलतो. स्टेट बँकेच्या जुन्या कागदांवर आयसिन शेवटी ०१०१२ होता, आता ०१०२० आहे. जुन्या होल्डिंग स्टेटमेंटवरचा आणि आजचा नंबर वेगळा दिसला की मधे काहीतरी झालंय हे नक्की समजा आणि आधी स्प्लिट कधी झालं ते शोधा, भाव नंतर.

हे सगळं मी एका मैत्रिणीला सांगितलं आणि तिचा प्रश्न आला एचडीएफसी बँकेचा, तो याहून अवघड निघाला. तिथे २०११ मधे दहाच्या शेअरचे दोनचे पाच झाले, २०१९ मधे दोनच्याचे एकाचे दोन झाले आणि २०२५ च्या ऑगस्टमधे एकास एक बोनस आला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक फुकट. म्हणजे २०११ च्या आधीच्या एका शेअरचे आज वीस. १९९५ मधे दहा रुपयांना जो इश्यू आला होता तो आजच्या मापाने पन्नास पैशांचा! तिने शेअर २०१५ मधे घेतलेले. ३१ जानेवारी २०१८ ला या शेअरचा भाव दोन हजारांच्या आसपास होता, पण तो दोन रुपये दर्शनी किमतीचा. आजच्या चार्टवर तीच तारीख पाचशेच्या आसपास दाखवते, कारण एकदा स्प्लिटसाठी निम्मा आणि एकदा बोनससाठी निम्मा. आणि करासाठी यातला कुठलाच आकडा सरळ चालत नाही. तिच्या एका जुन्या शेअरचे स्प्लिटने दोन झाले, त्यांची ३१ जानेवारीची किंमत प्रत्येकी हजाराच्या आसपास, आणि बोनसचे जे दोन मिळाले त्यांची खरेदी किंमत शून्य, आणि त्यांची मुदत बोनस मिळाल्या दिवसापासून मोजायची. ती चारही शेअरना पाचशे लावणार होती. बेरीज तीच येते, पण विकताना आधी जुने जातात मग बोनसचे, त्यामुळे थोडेच विकले तर नफा पूर्ण वेगळा येतो. स्प्लिट आणि बोनस चार्टवर अगदी सारखे दिसतात, करात अजिबात सारखे नाहीत.

रिटर्न भरून झालं आणि बाबांनी पुढचा प्रश्न विचारला, उरलेले ३०० ठेवू की विकू. मी म्हटलं जुने भाव आता नीट लावलेत तर त्यातून काय दिसतं बघू.

पूर्ण काळ घेतला तर दहाचे साधारण ७९०, पावणेएकतीस वर्षांत ७९ पट, म्हणजे वर्षाला सरासरी १५ टक्के आणि डिव्हिडंड वेगळा. ऐकायला छान वाटतं. पण आतले तुकडे बघितले की वेगळंच दिसतं. २०१० च्या नोव्हेंबरात भाव ३,५०० च्या आसपास होता, आजच्या मापाने ३५०. २०२० च्या मे महिन्यात तोच दीडशेच्या आसपास. साडेनऊ वर्षं थांबलेल्या माणसाचे निम्म्याहून कमी झाले होते! दरवर्षी सारखं पंधरा टक्के असं कुणालाच मिळालं नाही, कुणाला एकदम मिळालं आणि कुणाला दहा वर्षं काहीच नाही.

आणि असं का झालं हे भावाच्या रकान्यात नाहीच. २०१५ मधे रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांच्या कर्जांची तपासणी करायला घेतली आणि लपलेली बुडीत कर्जं वर आली. स्टेट बँकेची ढोबळ थकीत कर्जं मार्च २०१८ मधे एकूण कर्जांच्या १०.९१ टक्के होती आणि त्या वर्षी ६,५४७ कोटींचा तोटा झाला. मार्च २०२५ मधे तेच प्रमाण १.८२ टक्के आणि नफा ७०,९०१ कोटी. बँकेचा शेअर बघताना भावाच्या शेजारी हा आकडा ठेवल्याशिवाय मला तरी आता काही कळल्यासारखं वाटत नाही. कारखान्याच्या मालाला गिऱ्हाईक नसेल तर बाहेरून थोडंफार दिसतं, बँकेने दिलेलं कर्ज बुडणार आहे हे दोन-तीन वर्षं ताळेबंदात दिसतच नाही.

तसंच शेअरची संख्या. बँकेला वाढायला सतत भांडवल लागतं आणि ते बऱ्याचदा नवे शेअर विकून येतं. आजच्या मापाने २०१४ च्या मार्चमधे स्टेट बँकेचे सुमारे ७४६ कोटी शेअर होते, २०१८ च्या मार्चअखेर ८९२ कोटी. २०१७ च्या जूनमधे २८७.२५ रुपयांना पंधरा हजार कोटींचे शेअर विकले, २०२५ च्या जुलैमधे ८१७ रुपयांना पंचवीस हजार कोटींचे. हे दोन भाव मी बाबांच्या कागदावर मुद्दाम लिहिले, कारण मोठ्या संस्थांनी त्या दिवशी त्या भावाला हजारो कोटी मोजले, ते चार्टवरच्या इतर कुठल्याही ठिपक्यापेक्षा मला जास्त वजनदार वाटतात.

आणि बाबांच्या फाइलीत तिसरं एक पत्र होतं, साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेचं. २००६ च्या सप्टेंबरात त्या बँकेवर निर्बंध आले, ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमधे विलीन झाली आणि शेअरधारकांना शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले. आज चार्टवाल्या साइटवर तिचं नाव टाका, भाव सहसा मिळतच नाहीत. ग्लोबल ट्रस्ट बँक २००४ मधे ओरिएंटल बँकेत गेली आणि लक्ष्मी विलास बँक २०२० मधे डीबीएसमधे, या दोन्हीच्या शेअरधारकांना काहीच मिळालं नाही. देना बँक बँक ऑफ बडोदामधे गेली तेव्हा तिच्या हजार शेअरना बँक ऑफ बडोदाचे ११० शेअर मिळाले. आपण आज यादीत ज्या बँका बघतो त्या टिकलेल्या आहेत, आणि टिकलेल्यांचेच जुने भाव बघून बँकेचा शेअर धरून ठेवला की वाढतोच असं म्हणणं मला धोक्याचं वाटतं. बाबा हे ऐकून म्हणाले की त्या वेळी माझ्यासाठी स्टेट बँक आणि युनायटेड वेस्टर्न दोन्ही सारख्याच होत्या गं. त्यांनी दोन्हीचे शेअर एकाच विश्वासाने घेतले होते.

त्यांनी उरलेल्यातले १०० विकायचे ठरवलंय, पण पुढच्या आर्थिक वर्षात, म्हणजे सव्वा लाखाची माफी पुन्हा नव्याने मिळेल. ४ जून २०२४ ला निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी हा शेअर एका दिवसात सुमारे १४ टक्के पडला होता, ते त्यांच्या लक्षात आहे म्हणून ते म्हणतात एकदम नको, दोन-तीन वेळा करून विकू. मी त्यांच्यासाठी एका वहीत पान आखून दिलंय, तारीख, त्या दिवशीचा खरा भाव, तेव्हाची दर्शनी किंमत, आजच्या मापाने भाव, आणि त्या दिवशी हातात किती शेअर होते. पहिली ओळ त्यांनी स्वतः लिहिली, डिसेंबर १९९३, १०० रुपये, दर्शनी १०, आजच्या मापाने १०, शेअर ५०.